शून्यानंतरचा पहारा

अनुराधापुरात पोहोचलो त्याच रात्री मला ताप भरला. थर्मामीटर १०१ दाखवत होता, अंग मोडून आलं होतं, घसा खवखवत होता. श्रीलंकेतल्या आमच्या दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्याचा तो सहावा दिवस. कोलंबोतला दमट उकाडा, बसमधला एसी, रोजचं जागरण, रस्त्यावर प्यायलेला थंडगार उसाचा रस. कारणं ढीगभर होती. मी पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली आणि खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, "सकाळपर्यंत उतरेल. सरांना सांगू नकोस."

तिनं सांगितलं. आणि सरांनी तिथल्या लोकांना सांगितलं.

सकाळी सात वाजता अतिथीगृहाच्या व्हरांड्यात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, हातात जाड वही, सोबत प्रयोगशाळेचा तरुण तंत्रज्ञ. हे तिथले सार्वजनिक आरोग्य निरीक्षक. सगळे त्यांना 'पीएचआय' म्हणतात. त्यांनी आधी माझी विचारपूस केली आणि मग वही उघडली. ताप कधी आला? थंडी वाजली का? लंकेत येण्याआधी कुठं होतीस? त्याआधी कुठं? मच्छरदाणीत झोपत होतीस का?

मी म्हटलं, "तीन आठवड्यांपूर्वी गडचिरोलीत होते. प्रबंधाच्या कामासाठी. तिथं मलेरिया असतो."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी तंत्रज्ञाकडं पाहिलं, आणि त्यानं न बोलता हातमोजे चढवले. पाच मिनिटांत माझ्या बोटाला सुई टोचली होती, रक्ताच्या दोन काचपट्ट्या तयार झाल्या होत्या आणि जलद चाचणीची पट्टी टेबलावर ठेवलेली होती.

खरं सांगायचं तर मला राग आला. मी डॉक्टर आहे. एमबीबीएस झाल्यावर वर्षभर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय, आता सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करतेय. घसा दुखून आलेला ताप कसला असतो, ते मला कळतं. पण त्या वहीत मी डॉक्टर नव्हते. त्या वहीत मी 'भारतातून आलेला ताप' होते.

त्या दौऱ्यात मी व्याख्यानं ऐकली, तक्ते पाहिले, पानंच्या पानं टिपणं काढली. पण परत आल्यावर कोणी विचारलं, "काय शिकलीस?" तर मला आधी तो व्हरांडा आठवतो. तो का आठवतो, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

हिरव्या रंगाचं गाव

माझं गाव सिंधुदुर्गात. तापाचा हंगाम म्हणजे लेप्टो आणि डेंग्यू, एवढंच मला ठाऊक. बंधपत्राची सेवा गडचिरोलीत मिळाली तेव्हा मलेरिया मी मुख्यतः पुस्तकातून पाहिलेला होता. महाराष्ट्रात मलेरियाचे रुग्ण ज्या जिल्ह्यांत वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं सापडत आले आहेत, त्यांपैकी हा एक. घनदाट जंगल, ओढे-नाले, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा आणि पलीकडं छत्तीसगडची हद्द. इथं आढळणाऱ्या मलेरियात 'फाल्सिपेरम' जातीचं प्रमाण मोठं. हीच जात मेंदूपर्यंत पोहोचते आणि जीव घेते.

आमच्या केंद्राच्या भिंतीवर गावांचा नकाशा होता. जास्त रुग्णांची गावं लाल, मधली पिवळी, रुग्ण नसलेली हिरवी. फेब्रुवारीत एका हिरव्या गावातून एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. दोन दिवसांचा ताप, थोडा खोकला. मी नकाशाकडं पाहिलं. त्या गावात वर्षभरात एकही रुग्ण नव्हता. हंगामही मलेरियाचा नव्हता. बाहेर चाळीस माणसं रांगेत होती. मी ताप उतरायचं औषध दिलं, खोकल्याचं दिलं आणि म्हटलं, "नाही उतरला तर परत या."

मी तिच्या बोटाला सुई टोचली नाही.

तीन दिवसांनी ती परत आली ती खाटेवरून, बेशुद्ध. सोबत गावची आशाताई होती. आदल्या संध्याकाळी मुलगी बरळायला लागली तशी ताईनं स्वतःहून जलद चाचणी केली होती आणि पट्टीवर फाल्सिपेरमची रेघ उमटली होती. रात्री नाल्यातून वाट नव्हती म्हणून उजाडायची वाट पाहावी लागली. आम्ही आर्टेसुनेटचं इंजेक्शन देऊन तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. नऊ दिवसांनी ती चालत घरी गेली.

ती वाचली. पण त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पाठवताना आशाताई मला एवढंच म्हणाली, "मॅडम, गाव हिरवं होतं, पण पोरगी दिवाळीनंतर मामाकडं राहून आली होती. मामाचं गाव लाल आहे." मी ते विचारलंच नव्हतं.

एमडीला प्रवेश घेतला तेव्हा प्रबंधाचा विषय मला शोधावा लागला नाही: मलेरिया कमी झालेल्या गावांत तापाच्या रुग्णांची तपासणी किती होते? त्याच ओघात विभागाच्या श्रीलंका दौऱ्यासाठी माझं नाव लागलं. आम्ही आठ विद्यार्थी आणि एक सर.

सतरा रुग्णांचा धडा

श्रीलंकेत का? तर सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या देशाला 'मलेरियामुक्त' असं प्रमाणपत्र दिलं. स्थानिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण तिथं ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला होता. किमान सलग तीन वर्षं देशांतर्गत संसर्ग नसेल, तरच हे प्रमाणपत्र मिळतं. आपल्या शेजारी, आपल्यासारख्याच पावसाच्या, आपल्यासारख्याच डासांच्या देशानं हे करून दाखवलं. तेही जवळपास तीन दशकं यादवी युद्ध सोसत. रुग्णसंख्येची मोठी घसरण सुरू झाली तेव्हा युद्ध संपलेलंही नव्हतं; ते संपलं २००९ मध्ये.

पण कोलंबोत पहिल्याच दिवशी आम्हाला जी गोष्ट सांगितली गेली ती यशाची नव्हती, अपयशाची होती.

१९३४-३५ साली तिथं मलेरियाची भयंकर साथ आली. पाऊस फसला, एरवी दुथडी वाहणाऱ्या नद्या आटून पात्रात डबकी उरली. तिथला मलेरियाचा मुख्य डास, 'ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस', अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. आपण समजतो जास्त पाऊस म्हणजे जास्त मलेरिया. इथं दुष्काळानंच साथ आणली. ज्या ओल्या भागात एरवी मलेरिया फारसा नव्हता, तिथल्या लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीही नव्हती. त्यात पीक बुडालेलं, पोटं रिकामी. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या देशात सुमारे ८० हजार माणसं गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. घरांच्या भिंतींवर फवारणी सुरू झाली. डास माणसाला चावून रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर विसावतो. तिथंच त्याला गाठायचं, हे त्यामागचं गणित. परिणाम थक्क करणारा होता. १९४६ मध्ये २८ लाखांच्या आसपास असलेली रुग्णसंख्या १९६३ मध्ये किती उरली? १७. सतरा लाख नव्हे, सतरा हजार नव्हे. अख्ख्या देशात सतरा माणसं.

आणि मग? मग सगळे निवांत झाले. फवारणी थांबली. पैसा दुसरीकडं वळला. तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणं ढिलं पडलं. डास मात्र कुठं गेले नव्हते. १९६७ ते ६९ या काळात मलेरिया परतला आणि पाच लाखांहून अधिक लोकांना आजारी करून गेला. पुढं डास डीडीटीलाही दाद देईनासे झाले. १७ वरून परत शून्याकडं यायला त्या देशाला जवळपास पन्नास वर्षं लागली.

हे ऐकून आपण हळहळतो. पण आपली कहाणीही निराळी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असावा आणि आठ लाख मरत असावेत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखावर आली. १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर होती. सतराचा धडा आपणही गिरवला आहे, फक्त आपले आकडे मोठे.

आमच्या सरांनी बसमध्ये विचारलं, "साथ कधी सुरू झाली?" आम्ही म्हटलं, १९६७. सर म्हणाले, "नाही. १९६३. ज्या दिवशी सतरा आकडा पाहून कोणीतरी फाइल मिटली, त्या दिवशी."

मला आमच्या भिंतीवरचा हिरवा रंग आठवला.

जिथं रुग्ण नाहीत, तिथं काम काय?

श्रीलंकेची मलेरियाविरोधी मोहीम १९११ पासूनची. देशात मलेरिया नाही, तरी तिचं कार्यालय बंद झालेलं नाही. ही गोष्ट आम्हाला आधी विचित्रच वाटली. रुग्ण नसलेल्या आजाराचे तंत्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ, वाहनं, चोवीस तासांचा दूरध्वनी. आपल्याकडं एखाद्या लेखापरीक्षकानं पहिला प्रश्न विचारला असता: ही माणसं दिवसभर करतात काय?

ती काय करतात, ते आम्ही पाहिलं. एका प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. समोर काचपट्ट्यांची चळत. मी विचारलं, "शेवटचा परजीवी कधी दिसला?" त्या हसल्या. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही, म्हणाल्या. मग न दिसणाऱ्या गोष्टीसाठी नजर तयार कशी ठेवायची? त्यासाठी जपून ठेवलेल्या जुन्या, परजीवी असलेल्या पट्ट्या अधूनमधून वाचायला दिल्या जातात. त्यांची परीक्षाच होते. रोज हजार वेळा 'नाही' म्हणणाऱ्या डोळ्याला एक 'आहे' ओळखता आलं पाहिजे. माझ्या मते वैद्यकशास्त्रातलं याहून कंटाळवाणं आणि याहून मोलाचं काम क्वचितच असेल.

दुसरं काम डॉक्टरांच्या स्मरणशक्तीचं. तिथं आता डॉक्टरांची अशी पिढी आली आहे की जिनं मलेरियाचा रुग्ण पाहिलेलाच नाही. ताप म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढं डेंग्यू उभा राहतो, आणि ते साहजिक आहे. २०१७ मध्ये श्रीलंकेत डेंग्यूचे पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यामुळे परदेशातून मलेरिया घेऊन आलेला माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतो आणि निदान लांबतं. यावर उपाय म्हणून डॉक्टरांना सतत एकच आठवण दिली जाते: तापाच्या रुग्णाला विचारा, 'कुठून आलात?'

तिसरं काम प्रवाशांचं. मलेरिया असलेल्या देशात जाणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या मोफत मिळतात. परत येणारे सैनिक, मजूर, व्यापारी, यात्रेकरू यांच्यावर लक्ष ठेवलं जातं. रुग्ण सापडलाच तर चोवीस तासांत वर कळवायचं, त्याला रुग्णालयात ठेवून उपचार करायचे, आणि पथकानं तो राहत असलेल्या ठिकाणी जाऊन आजूबाजूच्या लोकांचं रक्त तपासायचं, डास पकडायचे.

एवढी घाई कशासाठी? तर मलेरियाचा परजीवी रुग्णाच्या रक्तातून डासात गेला की लगेच दुसऱ्याला होत नाही. डासाच्या पोटात त्याची वाढ व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मगच तो डास दुसऱ्या माणसाला आजार देऊ शकतो. या दिवसांत रुग्णावर पूर्ण उपचार झाले आणि आसपासचे डास गाठले, तर साखळी तिथंच तुटते. ठिणगी पडली आहे, पण गवत अजून पेटलेलं नाही, असा हा अवधी.

आणि गवत वाळलेलंच आहे, हे तिथं कोणी विसरत नाही. श्रीलंकेनं डास संपवलेला नाही. परजीवी संपवला आहे. डास आजही आहेत. बाहेरून परजीवी आला, की खेळ पुन्हा सुरू होऊ शकतो. डिसेंबर २०१८ मध्ये तसं घडलंही. एका परदेशी कामगाराच्या रक्तातला 'व्हायवॅक्स' जातीचा परजीवी डासामार्फत एका स्थानिक माणसाला झाला. देश मलेरियामुक्त झाल्यानंतरचा असा हा पहिला रुग्ण. पथकं धावली आणि प्रकरण एकावरच थांबलं.

तो परदेशी कामगार भारतातून आलेला होता.

दोनदा टोचलेलं बोट

आता परत त्या व्हरांड्याकडं येते. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे मलेरिया नाही. दुपारपर्यंत काचपट्ट्यांचाही निकाल आला: परजीवी दिसला नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, सांगत होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीएचआय पुन्हा हजर. माझा ताप उतरला होता, तरी त्यांनी हात पुढं करायला सांगितलं. मी म्हटलं, "काल तर निगेटिव्ह आलं." ते शांतपणे म्हणाले, "काल नव्हतं, एवढंच कळलं." सुरुवातीच्या दिवसांत रक्तातले परजीवी इतके कमी असू शकतात की एका तपासणीत निसटतात. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी अर्धं पान लिहिलं असतं. स्वतःच्या बोटावर आल्यावर मात्र मी वाद घालत होते.

ते मला 'दुव' म्हणत. सिंहलीत दुव म्हणजे मुलगी, लेक. त्या सकाळी वही मिटून ते थोडा वेळ बसले. अनुराधापूरच्या आसपासच्याच एका खेड्यात ते वाढले. लहानपणी घरात दर वर्षी कोणी ना कोणी थंडीतापानं अंथरूण धरायचंच, म्हणाले. पेरणीच्या दिवसांत आई तापानं पडली की त्या वर्षी भात कमी. "माझ्या नातवाला हा ताप माहीत नाही. त्याला तो माहीत होऊ नये म्हणून तुझं बोट टोचतो. रागावू नकोस."

तापाला सिंहलीत 'उण' म्हणतात. संस्कृत 'उष्ण'पासून आलेला शब्द. आपल्या मराठीतलं 'ऊन' त्याचंच भावंड. तिथल्या विशाल तलावांना 'वेव' म्हणतात. मूळ शब्द 'वापी'. आमच्या मालवणीत विहिरीला 'बाव' म्हणतात, तेही तिथूनच. त्या दिवशी संध्याकाळी अशाच एका शेकडो वर्षं जुन्या तलावाच्या बांधावर बसलो होतो. याच कोरड्या प्रदेशात तलावांच्या जोरावर मोठी राज्यं उभी राहिली आणि पुढं ती ओस पडली. त्यामागच्या कारणांत काही अभ्यासक मलेरियाही धरतात. आमच्यापैकी कोणीतरी विचारलं, हे एवढं पाणी, मग डास? उत्तर मिळालं: मोठ्या तलावाच्या खोल पाण्यापेक्षा त्याच्या कडेची, कालव्याची, नदीपात्रातली छोटी डबकी अधिक घातक. शत्रू समुद्रात नसतो, वाटीत असतो.

वाटीतल्या शत्रूची पुढची गोष्ट मन्नारला कळली. मन्नार म्हणजे आपल्या रामेश्वरमच्या समोरचा किनारा. तिथं २०१६ च्या अखेरीस 'ॲनोफिलिस स्टीफेन्सी' हा डास श्रीलंकेत पहिल्यांदा सापडला. हा आपल्या शहरांतला मलेरियाचा डास. मुंबईकरांचा तर जुना सोबती. इमारतीच्या गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामाच्या जागी साचलेलं पाणी ही त्याची घरं. जंगल-शेतातल्या मलेरियाला हरवलेल्या देशापुढं आता शहरातल्या मलेरियाचा धोका उभा राहिला. मन्नारला विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडण्यापासून विहिरींची नियमित तपासणी करण्यापर्यंत सारं चाललं होतं. गप्पी मासे आपल्याकडंही सोडतात. फरक एवढाच, की तिथं एकही रुग्ण नसताना हे चाललं होतं.

काय घेऊन आले, काय नाही

परत आल्यावर विभागात आम्हाला सादरीकरण करायचं होतं. 'श्रीलंकेकडून भारतानं काय शिकावं' असा विषय. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कारण उचलून आणण्यासारखं तिथं फार काही नाही, हेही तितकंच खरं.

श्रीलंका बेट आहे. समुद्र ही त्याची सीमा. गडचिरोलीची सीमा म्हणजे जंगलातली पायवाट. इकडच्या गावात फवारणी झाली आणि पलीकडच्या गावात नाही झाली, तर डासाला ते कळत नाही. तिथली लोकसंख्या सुमारे सव्वादोन कोटी. आपल्या एका राज्याहूनही किती तरी कमी. आणि तिथली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था जुनी आहे. कळुतरा इथं १९२६ मध्ये पहिलं आरोग्य एकक सुरू झालं. ठरावीक लोकसंख्येमागं एक आरोग्य अधिकारी, त्याच्या हाताखाली निरीक्षक आणि घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित सुईणी, हा साचा तेव्हापासूनचा. आम्ही एका सुईणताईंसोबत दिवसभर फिरलो. त्यांना प्रत्येक घर ठाऊक होतं, घरातलं कोण कुठं गेलंय तेही ठाऊक होतं. मलेरिया हरला तो या शंभर वर्षांच्या ओळखीवर. ती यंत्रासारखी विकत आणता येत नाही. आणि तिथं सारं आलबेल आहे, असंही नाही. २०२२ च्या आर्थिक संकटात औषधांची टंचाई झाली, अनेक डॉक्टर देश सोडून गेले. शून्य राखायला पैसा लागतो, आणि दिसत नसलेल्या आजारासाठी पैसा मागणं तिथंही सोपं नाही.

तरीही ती ओळख आपल्याकडं अगदीच नाही, असं कसं म्हणू? मुलगी मामाकडं जाऊन आली, हे आशाताईला माहीत होतं. तिच्या पिशवीत चाचणीची पट्टी होती आणि ती वापरायची हिंमतही होती. नव्हतं ते माझ्याकडं. नकाशावरचा हिरवा रंग मी निदान समजले. तो रंग मागच्या वर्षाचा होता. ताप आजचा होता.

भारतानं २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करायचं ठरवलं आहे. रुग्णसंख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आहे आणि यापुढंही हिरवी गावं वाढत जातील. आनंदाचीच गोष्ट आहे. पण हिरव्या गावातला डॉक्टर, तंत्रज्ञ, फवारणी कामगार यांना आपण काय सांगणार आहोत? काम संपलं, की काम बदललं?

वाचकांनाही यात वाटा आहे. चार साध्या गोष्टी सांगते. एक, मलेरियाचं निदान अंदाजानं होत नाही, रक्त तपासूनच होतं. थंडी वाजून ताप आला, किंवा नुसता ताप आला तरी, तपासणीला नाही म्हणू नका. सरकारी केंद्रात ती मोफत असते. दोन, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, की गेल्या काही महिन्यांत कुठं राहून आलात. व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात महिनोन् महिने दडून राहू शकतो, म्हणून 'महिने' म्हणते. तीन, याच कारणासाठी व्हायवॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या साधारणपणे १४ दिवस घ्याव्या लागतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं आणि काही विशिष्ट रक्तदोष असलेल्यांना त्या चालत नाहीत. पण सुरू केल्या तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. ताप जातो, परजीवी राहतो. चार, गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना, हे आज संध्याकाळी वर जाऊन बघा.

दौऱ्यानंतर महिनाभरानं प्रबंधाच्या कामासाठी मी पुन्हा त्या हिरव्या गावात गेले. मुलगी शाळेत होती. आता चौथीत आहे. मला तिनं ओळखलं नाही, ते बरंच झालं. आशाताईच्या घरी चहा घेतला. तिनं नोंदवही दाखवली. तापाचे रुग्ण, तारीख, चाचणी, निकाल. निकालाच्या रकान्यात ओळीनं शून्यंच शून्यं. शेजारी तिनं स्वतःच्या हातानं पट्टीनं आखून आणखी एक रकाना केला होता. तो सरकारी नमुन्यात नाही. वर लिहिलं होतं: 'कुठून आला'.

मी तिला विचारलं, हा रकाना कधीपासून? ती म्हणाली, "त्या पोरीपासून."

माझा प्रबंध जून महिन्यात पूर्ण होईल. त्यात एक शिफारस मी तिच्या वहीतून घेतली आहे.